सराफ्यातलं वाघनख आणि कान्ह्याचं कुरण

मागच्या भागात आपण मंडल्याजवळच्या रामनगरला गेलो होतो. नर्मदेच्या काठावरचा मोतीमहाल पाहिला, गोंड राजांचा इतिहास ऐकला. तिथून कान्ह्याचं जंगल फार लांब नाही, त्यामुळे आता कान्ह्यावर बोला असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. पण वाघ कुठे दिसतो, जिप्सी कधी मिळते, राहायचं कुठे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला आज वेगळीच गोष्ट सांगायची आहे. सरकार जेव्हा एखादा जंगलाचा तुकडा वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवतं, तेव्हा तो सांभाळायचा कसा, हे कोण ठरवतं? कसं ठरत गेलं? त्यात चुका कोणत्या झाल्या आणि त्यांची किंमत कोणी मोजली? कान्हा हे याचं उत्तम उदाहरण आहे, कारण आपल्या देशात या बाबतीत जे जे प्रयोग झाले, त्यातले बहुतेक या एका जंगलात करून झालेले आहेत.

सुरुवात मात्र मी माझ्या घरापासून करतो.

मी जबलपूरच्या सराफ्यात वाढलो. कमानिया गेट माहीत असेल तुम्हाला, १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेलं. तिथून चालत गेलं की सराफा. खाली सोन्याचांदीची दुकानं आणि वर बिऱ्हाडं. आमचं बिऱ्हाड अशाच एका दुकानावर होतं. दिवसभर खालून हातोडीची टकटक यायची. लहानपणी माझ्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख होतं. एकट्या माझ्याच नव्हे, गल्लीतल्या निम्म्या मुलांच्या गळ्यात असायचं. मराठी घरं, गुजराती घरं, मारवाडी घरं, सगळीकडे. मूल घाबरू नये, दृष्ट लागू नये, म्हणून घालायचं. खालच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात लाल मखमलीवर वाघनखं ओळीने मांडलेली मला चांगली आठवतात. त्यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

एका वाघाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. म्हणजे कपाटातल्या त्या दोन ओळी हा एक पुरा वाघ होता. हा हिशोब माझ्या डोक्यात आला तेव्हा मी फौजेत कॅप्टन झालो होतो.

तर हे वाघ यायचे कुठून? जबलपूरच्या दक्षिणेला आणि पूर्वेला जे डोंगर दिसतात, तिथून. मंडला, बालाघाट, सिवनी.

आता जरा मागे जाऊ. हा मुलुख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७च्या लढाईनंतर इंग्रजांकडे. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. प्रांत नवा, जंगल अफाट, आणि त्यात काय आहे याची सरकारला कल्पना नाही. मग पाहणीला कोण गेलं? फौजी अधिकारी. त्यातला एक कॅप्टन जेम्स फोर्सिथ. त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुस्तकात सालवनांची, गोंड-बैगांची, रानगव्यांची आणि अर्थात शिकारीची वर्णनं आहेत. फौजी माणसाला ते वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. हा माणूस एकाच वेळी जंगल मोजतोय, जंगलावर जीव लावतोय आणि जंगलात गोळ्या झाडतोय. त्या काळी यात विसंगती नव्हती. वाघ मारला तर सरकारच बक्षीस देत असे.

सरकारला हवं होतं ते लाकूड. १८७० मध्ये मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी रेल्वे आमच्या जबलपुरात एकमेकींना मिळाली. रूळ टाकायचे तर स्लीपर हवेत, आणि सालाचं लाकूड त्यासाठी फार चांगलं. १८७८चा वनकायदा आला आणि जंगलं ‘राखीव’ होऊ लागली. कान्ह्याकडचं जंगलही याच सुमारास राखीव झालं. इथे ‘राखीव’ हा शब्द नीट समजून घ्या. प्राण्यांसाठी राखीव असा त्याचा अर्थ नव्हता. सरकारी लाकडासाठी राखीव, असा होता.

आणि राखीव म्हटलं की कोणीतरी बाहेर जाणार. इथले बैगा लोक ‘बेवर’ करत. म्हणजे डोंगरउतारावरची झाडं तोडून जाळायची, राखेत कोदो-कुटकी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची आणि दुसरीकडे जायचं. नांगर चालवणं म्हणजे धरणीमातेची छाती फाडणं, अशी त्यांची श्रद्धा. वनखात्याच्या दृष्टीने हा लाकडाचा नाश होता. बेवरवर बंदी आली. शेवटी १८९० मध्ये मंडला जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात, आज जो डिंडोरी जिल्हा आहे तिथे, काही गावांपुरता ‘बैगाचक’ काढून दिला. तिथेच काय ती बेवर करा. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये ‘द बैगा’ हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या साऱ्याची हकीकत आहे. तुम्ही म्हणाल, विषय वन्यप्राण्यांचा, मग बैगा कुठून आले? मंडळी, या प्रांतात जनावरांसाठी अभयारण्य निघालं त्याच्या किती तरी आधी माणसांसाठी एक ‘राखीव तुकडा’ निघाला होता. कान्ह्याचा सगळा पुढचा वाद त्या एका गोष्टीत बीजरूपाने आहे.

प्राण्यांची पाळी आली १९३० नंतर. त्याआधी शिकारीला अगदीच नियम नव्हते असं नाही. जंगलाचे शिकारी ब्लॉक पाडलेले असत. ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी एका पार्टीला मिळे, परवाना लागे, किती जनावरं मारायची याची मर्यादा असे. १९१२चा पशुपक्षी संरक्षण कायदाही होता. पण हे सगळे नियम शिकार पुरवून पुरवून खाण्याचे होते.

त्या काळातला वनाधिकारी डनबार ब्रँडर. १९२३ मध्ये त्याने मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवर पुस्तक लिहिलं. तो स्वतः मोठा शिकारी, पण जनावरांच्या सवयींचं त्याचं निरीक्षण इतकं बारीक की आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. आमच्याकडचा कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा आहे ना, त्याच्या शास्त्रीय नावात ‘ब्रँडेरी’ आहे, ते याच्याच नावावरून. उत्तरेतला बारशिंगा दलदलीत राहतो, त्याचे खूर फाकलेले. आपला कान्ह्याचा बारशिंगा घट्ट जमिनीवर, गवताळ मैदानात राहतो. या बारशिंग्याला लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीचा नायक वाघ नाही, तो आहे.

१९३३ मध्ये बंजर नदीचं खोरं अभयारण्य झालं. मग हालोन नदीच्या खोऱ्याचंही झालं. छान सुरुवात. पण हालोनच्या बाबतीत काय घडलं पाहा. हरणं वाढली, सालाची रोपटी खाऊ लागली, पिकात शिरू लागली, तक्रारी आल्या, आणि काही वर्षांतच हालोनचं अभयारण्य रद्द झालं. एका आदेशाने झालं होतं, दुसऱ्या आदेशाने गेलं.

फौजेत आम्हाला पहिल्यापासून शिकवतात की ज्या कामाची जबाबदारी एका साहेबाच्या मर्जीवर आहे, ते काम साहेबाच्या बदलीबरोबर संपतं. स्टँडिंग ऑर्डर पाहिजे. नवा साहेब आला तरी ती भिंतीवर लटकलेली असते. अभयारण्याला अशी स्टँडिंग ऑर्डर नव्हती. याचा दुसरा पुरावा स्वातंत्र्यानंतर लगेच मिळाला. १९४७ ते १९५१ या काळात विजयनगरमच्या राजघराण्यातल्या एका शिकाऱ्याला या भागात खास परवाना मिळाला, आणि त्याने तीसएक वाघ मारले. बेकायदा नव्हे बरं का, परवाना घेऊन. गवगवा झाला, लोक चिडले, वर्तमानपत्रांत आलं. आणि मग सरकारला उमगलं की नुसत्या अधिसूचनेवर भागणार नाही, कायदा करावा लागेल.

तो कायदा म्हणजे १९५५चा मध्य प्रदेश राष्ट्रीय उद्यान कायदा. आता इथे माझ्या विदर्भातल्या मित्रांनी कान टवकारावेत. १९५५ साली मध्य प्रदेशाची राजधानी कोणती होती? नागपूर! राज्य पुनर्रचना अजून व्हायची होती. चांदा, अमरावती, जबलपूर, मंडला सगळे एकाच राज्यात. आणि त्या एकाच कायद्याने त्याच वर्षी दोन राष्ट्रीय उद्यानं जन्माला आली. एक कान्हा, १ जून १९५५. आणि दुसरं ताडोबा. सख्खी भावंडं ही. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला घर वाटलं गेलं. ताडोबा पहिल्यांदा मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेलं, कान्हा इकडे राहिलं. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी आम्हाला मिळेल अशी जबलपूरकरांना खात्री होती, ती भोपाळला गेली. आमच्या वाट्याला हायकोर्ट आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत म्हणायचे, “राजधानी गेली ते एक बरं झालं. नाहीतर कान्ह्यापर्यंत बंगले झाले असते.”

कायद्याने काय झालं? शिकार कायमची बंद झाली आणि सीमा पक्की झाली. उद्यान लहान होतं, सुमारे २५२ चौरस किलोमीटर. पण कायद्याने ‘काय करायचं नाही’ एवढंच सांगितलं. ‘काय करायचं’ ते कोणाला ठाऊक नव्हतं. रखवाली आणि व्यवस्थापन यांत फरक असतो. पहारेकरी दारावर उभा केला म्हणजे आतलं घर चालत नाही.

याचा भोग बारशिंग्याने भोगला. १९३८च्या सुमारास कान्ह्याच्या टापूत तीन हजारांच्या आसपास बारशिंगे असल्याचा अंदाज होता. १९७० मध्ये किती उरले? ६६. राष्ट्रीय उद्यान होऊन पंधरा वर्षं झालेली, शिकारीला बंदी, आणि तरी ६६. साऱ्या जगात ही जात त्या वेळी फक्त इथेच उरली होती. ६६ म्हणजे फौजेच्या हिशोबात दोन प्लाटूनसुद्धा धड नाहीत.

अण्णा मला पहिल्यांदा कान्ह्याला घेऊन गेले ते याच दिवसांत. त्यांच्या एका मित्राची जीप होती. मला वाघ पाहायचा होता. दिसल्या त्या गाई-म्हशी. कुरणात गाव होतं, गुरं चरत होती, गवत गुडघ्याएवढंही नव्हतं. दूरवर तांबूस रंगाची काही जनावरं उभी होती. गार्ड म्हणाला, तो बारशिंगा. मी म्हटलं, वाघ कुठाय? आज वाटतं, जगातला दहावा की विसावा हिस्सा बारशिंगा माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून वाघ शोधत होतो. सरकारही तेच करत होतं म्हणा.

बारशिंगा का मरत होता, हे कोडं अभ्यासाने सुटलं. १९६३ ते ६५ या काळात जॉर्ज शॅलर हा अमेरिकी शास्त्रज्ञ कान्ह्यात राहिला. त्याचं ‘द डिअर अँड द टायगर’ १९६७ मध्ये आलं. वाघ काय खातो, किती खातो, हरणांची पिलं किती जगतात, हे कोणी पहिल्यांदाच पद्धतशीर मोजलं होतं. उद्यानात चरणाऱ्या गुरांवर त्याने बोट ठेवलं. नंतर १९७० नंतरच्या वर्षांत क्लॉड मार्टिन हा तरुण स्विस अभ्यासक खास बारशिंग्यासाठी आला. पुढे तो जागतिक वन्यजीव निधीचा महासंचालक झाला.

दुखणं असं होतं. चितळ पानं खातो, शेंगा खातो, काहीही चालतं त्याला. बारशिंग्याला जवळपास फक्त गवतच लागतं. शिवाय पाऊस सरताना मादी वितें, तेव्हा पिलू लपवायला उंच गवत लागतं. ते गवत गुरं खात होती आणि उन्हाळ्यात लोक जाळत होते. पिलाला आडोसा नाही, मग कोल्ह्यापासून वाघापर्यंत कोणीही उचलावं. जनावर बंदुकीने मरत नव्हतं, ते गवतावाचून मरत होतं. आणि गवताबद्दल कायद्यात एक ओळ नव्हती.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या यादीत नऊ जंगलं होती. त्यात कान्हा होतं आणि आपलं मेळघाटही. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातली परत दोन! महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक प्रकल्पाला लेखी व्यवस्थापन आराखडा करणं आलं. कान्ह्याचा आराखडा केला एच. एस. पनवार या वनाधिकाऱ्याने. हेच पनवार पुढे व्याघ्र प्रकल्पाचे संचालक झाले आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे पहिले संचालकही.

त्यांनी काय केलं ते मला एका कमांडरच्या नजरेने फार आवडतं. मोठ्या घोषणा नाहीत. आधी परिस्थितीचा आढावा, मग कामांची यादी. गुरांची चराई बंद. आगीच्या जाळपट्ट्या नीट काढायच्या, वणवा एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. पाणी नाही तिथे तळी. लाकूडतोड गाभ्यातून बाहेर. बारशिंग्यासाठी एक कुंपण घातलं, आत वाघ-बिबट्या येणार नाही असं, आणि त्यात थोडे बारशिंगे ठेवून पिलं वाढू दिली. बाहेर उंच गवत परत येईपर्यंत ही बिजवाई राखली. जंगलाचे भाग पाडले. आत गाभा, तिथे माणसाचा हात कमीत कमी, आणि भोवती बफर. आज हे शब्द शाळेतल्या मुलांना येतात, पण ते जमिनीवर प्रत्यक्ष आखून दाखवणारं सुरुवातीचं ठिकाण कान्हा. १९७६ मध्ये उद्यान वाढून ९४० चौरस किलोमीटरचं झालं.

बारशिंगे वाढले. ६६चे शंभर, मग काही शे, आज हजाराच्या आसपास. २०१५ मध्ये काही बारशिंगे सातपुड्याच्या जंगलात नेले, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत राहू नयेत. आज तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे, आणि कान्ह्याचं बोधचिन्ह असलेला ‘भूरसिंग’ हाही बारशिंगाच.

इथे गोष्ट संपवली तर टाळ्या मिळतील. पण मी इतिहास सांगायला बसलोय, तेव्हा पुढचंही सांगितलं पाहिजे.

उंच गवत आलं कुठून? गावं उठवली त्या जागेवरून. कान्ह्यातलं सोंफचं कुरण घ्या. बारशिंग्याला ते फार मानवलं. ते सोंफ नावाचं गाव होतं. १९७० नंतर एकामागून एक गावं बाहेर नेली, त्यात गोंड होते, बैगा होते. ज्यांना सोयीची जमीन मिळाली त्यांचं बरं झालं, ज्यांना नाही मिळाली ते मजुरीला लागले. निवृत्तीनंतर मी कान्ह्याला गेलो तेव्हा एक म्हातारा बैगा बरोबर होता. आयुष्यभर उद्यानात रोजंदारीवर माग काढायचं काम केलेला. कुरणाच्या कडेला आम्ही थांबलो. समोर शेकडो चितळ, मागे बारशिंगे, पहाटेचं धुकं. माझ्या बरोबरचे लोक म्हणाले, काय आदिम निसर्ग आहे! म्हाताऱ्याने हात लांब करून दाखवलं. “वो महुआ हमारा था. उसके नीचे घर था.” पुढे काही बोलला नाही. बिडी पेटवायला मनाई म्हणून नुसतीच बोटांत फिरवत राहिला.

मी फौजेत बत्तीस वर्षं काढली. फायरिंग रेंजसाठी जमीन घेतली की गावं उठतात, हे मी पाहिलंय. हुकूम माझ्याच सहीने पुढे गेले आहेत. देशासाठी हवं होतं, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणेन. पण ज्याचा महुआ गेला त्याला निदान विचारलं होतं का, हा प्रश्न आम्ही कधी फाईलवर लिहिला नाही. त्या सकाळी तो मला पहिल्यांदा नीट टोचला.

कायद्याला हा प्रश्न पडायला २००६ साल उजाडलं. त्याआधी एक धक्का बसावा लागला. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००५ मध्ये उघड झालं की एकही वाघ उरलेला नाही. आणि कागदावर? कागदावर वाघ होते! पंजाचे ठसे काचेवर उतरवून मोजणी व्हायची. माणूस कसबी असेल तर ठसे पुष्कळ सांगतात, पण आकडा कमी दाखवला तर साहेब रागावणार, हे माहीत असलं की ठसे वाढतात. हजेरीपटावरची कंपनी आणि परेड मैदानावरची कंपनी यांत फरक पडला तर काय होतं, हे कोणाही सुभेदाराला विचारा. त्यानंतर पंतप्रधानांनी नेमलेल्या कृतिदलाने अहवाल दिला, २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, मोजणी कॅमेऱ्यांनी होऊ लागली. आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन आराखडा कायद्यानेच बंधनकारक झाला. म्हणजे स्टँडिंग ऑर्डर भिंतीवर लागली, हालोननंतर सुमारे साठ वर्षांनी. त्याच दुरुस्तीत असंही आलं की गाभ्यातून लोकांना हलवायचं तर ते त्यांच्या मर्जीनेच, ग्रामसभेच्या संमतीने. त्याच वर्षी वनहक्क कायदाही झाला. कागदावरची संमती आणि मनातली संमती यांत अंतर असतं, त्यावर कान्ह्यात आजही तंटे होतात. पण आता प्रश्न फाईलवर आला आहे, एवढं खरं. आणि ज्या बैगाचकाची गोष्ट १८९० मध्ये सुरू झाली, तिथल्या बैगांना त्यांच्या अधिवासाचे हक्क सव्वाशे वर्षांनी मान्य झाले, देशात पहिल्यांदाच.

२००९ मध्ये दुसरा धक्का बसला, तो आमच्याच राज्यात. पन्न्यातले वाघ संपले. त्या मार्चमध्ये कान्ह्याची एक वाघीण वायुदलाच्या हेलिकॉप्टरने पन्न्याला नेली. आम्ही फौजी लोक हेलिकॉप्टरने जखमी जवान नेतो, तसं. पन्न्यात परत वाघांचा वंश चालला. दोन वर्षांनी कान्ह्यातून रानगवे बांधवगडला गेले, तिथले नाहीसे झाले होते. कान्हा आता मध्य भारताचं बियाणांचं कोठार झालं आहे.

पण एका जंगलात कोठार भरून भागत नाही. तरुण वाघाला बाहेर पडावंच लागतं. कान्ह्याहून पेंच, पेंचहून पुढे महाराष्ट्रात. राज्याची हद्द त्याला कोण दाखवणार? जबलपूरहून नागपूरला मोटारीने येणाऱ्यांनी पाहिलं असेल, सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलला आहे, खालून जनावरांना जायला वाट आहे. महाराष्ट्राच्या बाजूचा एक पूल तर ७५० मीटर लांबीचा आहे. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ जाताना टिपले गेले आहेत. १९५६ मध्ये घर वाटलं गेलं, पण या भावंडांच्या घरांमधलं दार वाघांनी उघडं ठेवलं आहे. यापुढचं धोरण हेच आहे, उद्यान सांभाळायचं तसे मधले रस्तेही सांभाळायचे.

पर्यटनाचं दोन वाक्यांत सांगतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, मग गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात ते चालेल असं ठरलं. तुमचा वाघ दिसला नाही तर ड्रायव्हरवर चिडू नका, बाकीचं ८० टक्के जंगल तुमच्यासाठी नाहीच, आणि ते बरं आहे.

आता परत सराफ्यात येऊ. २००३ मध्ये सरकारने नियम काढला की ज्यांच्याकडे जुनी कातडी, नखं, शिंगं आहेत त्यांनी १८० दिवसांत जाहीर करावीत. मी तेव्हा सीमेवर होतो. आईला फोनवर म्हटलं, माझं वाघनख फडताळात आहे, वनखात्यात जाऊन नोंद करून ये. ती एका कार्यालयात दोनदा गेली. पहिल्यांदा फॉर्म नव्हता, दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा ती गेली नाही. सोनं काढून घेतलं आणि नख ग्वारीघाटावर नर्मदेत सोडलं. मी रजेवर आलो आणि चिडलो, म्हटलं, “आई, नियम नोंदवायचा होता.” ती म्हणाली, “ज्याचं होतं त्याला परत देता येत होतं का? मग कोणाच्या नावावर नोंदवू?” मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मागच्या वर्षी पुण्याहून आमच्या एका नातेवाइकाचा फोन आला. घरात बारसं होतं. म्हणे, तुमच्या सराफ्यात अस्सल वाघनख मिळतं ना, एक बघा की. मी सांगितलं, तो गुन्हा आहे, तुरुंगात जाशील. तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तरी मी खाली उतरून ओळखीच्या सोनाराला विचारलं, अजून लोक मागतात का? म्हातारा काम थांबवून म्हणाला, “कर्नल साहब, मांगते तो रोज हैं. हम हाथ जोड़ लेते हैं. और जो बाहर बिकता है, वो भैंस का सींग है.” लोक म्हशीच्या शिंगाला वाघनख समजून गळ्यात घालतात आणि मूल शूर होईल म्हणतात! मी बाळाला चांदीचे वाळे पाठवले.

मंडळी, जंगल राखायचं म्हणजे नुसतं मोकळं सोडायचं, असं पुष्कळांना वाटतं. कान्ह्याचा इतिहास तसं सांगत नाही. सोंफचं कुरण दोन पावसाळे नुसतं सोडलं तर त्यात झाडोरा घुसेल, गवत जाईल आणि गवताबरोबर बारशिंगा. तिथे दरवर्षी कोणीतरी ठरवतं की यंदा कुठला पट्टा जाळायचा, कुठला राखायचा, कुठली रोपटी उपटायची. माणसं उठवून मिळवलेली जमीन आहे ती. तिची निगा चुकली तर त्या म्हाताऱ्याचा महुआ फुकट गेला.

तेव्हा कान्ह्याला, ताडोब्याला, मेळघाटला, पेंचला, कुठेही जा. वाघ दिसला का, हे सगळे विचारतात. तुम्ही बीटगार्डला एवढंच विचारा, यंदा गवत कसं आहे? बघा, तो कसा खुलून बोलतो ते.

पुढच्या भागात नैनपूरला जाऊ, सातपुड्याच्या छोट्या रेल्वेच्या गोष्टीसाठी. तोवर, जय हिंद.